विश्लेषण : ‘इंटरेस्ट’ म्हणजे आवड की व्याज? कर्जाच्या कागदापुढे मोबाइलमधला शब्दकोश कुठे अडतो?

कर्ज मंजूर झाल्याचा संदेश इंग्रजीत येतो. न कळलेला शब्द मोबाइलमधल्या इंग्रजी-मराठी शब्दकोशात टाकला जातो आणि समोर येणाऱ्या चार अर्थांपैकी पहिला खरा धरला जातो. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील म्हसवडसारख्या बाजारपेठेच्या गावात शेळ्या, किराणा किंवा शिलाई मशीनसाठी छोटी कर्जे घेतली जातात. तिथे हा पहिला अर्थ चुकला, तर फटका थेट खिशाला बसतो. कर्जाची माहिती कर्जदाराला समजेल अशा भाषेत देण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने घातले आहे. मग शब्दकोश उघडण्याची वेळ का येते?

नियम काय सांगतो?

रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ रोजी परिपत्रक काढून किरकोळ कर्जे आणि लघुउद्योगांची मुदत कर्जे यांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ म्हणजे कर्जाचा गोषवारा सांगणारा कागद बंधनकारक केला. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना तो लागू आहे. बँका, वित्त कंपन्या आणि सहकारी बँकाही त्यात येतात. हा कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत लिहायचा, त्यातला मजकूर समजावून सांगायचा आणि समजल्याची पोच घ्यायची, असे नियमात स्पष्ट आहे. या कागदात नसलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर आकारता येत नाही. सात दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जासाठी विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. हे तीन दिवस फार मोलाचे आहेत, पण कागद वाचता आला तरच.

शब्दकोश नेमका कुठे चुकतो?

शब्दकोश सहसा चुकत नाही, तो निवड करत नाही. ‘इंटरेस्ट’ला आवड, हित आणि व्याज हे तिन्ही अर्थ बरोबरच आहेत. ‘प्रिन्सिपल’ म्हणजे मुख्य, प्राचार्य आणि मुद्दलही. ‘आउटस्टँडिंग’ शाळेच्या निकालपत्रात असेल तर कौतुक, कर्जखात्यात असेल तर थकबाकी किंवा येणे बाकी. ‘सिक्युरिटी’ म्हणजे सुरक्षा आणि तारणही. छापील कोश चाळताना नजर आपोआप खालच्या अर्थांवर जात असे. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर पहिला अर्थ दिसतो, बाकीचे पाहायला बोट खाली सरकवावे लागते, आणि घाईत कोणी ते सरकवत नाही.

दुसरी अडचण जोडशब्दांची. ‘कूलिंग-ऑफ पीरियड’चे शब्दशः भाषांतर ‘थंड होण्याचा काळ’ असे होईल. डिजिटल कर्जाच्या नियमांत त्याचा अर्थ आहे कर्ज परत करण्याची मुभा : ठरलेल्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडता येते. हे न कळल्यास हक्क हातातून जातो. ‘फोरक्लोजर’ची गंमत उलटी. परदेशी वापरावर बेतलेले कोश त्याचा अर्थ गहाण मालमत्तेची जप्ती असा देतात. आपल्याकडच्या कर्जाच्या कागदावर ‘फोरक्लोजर चार्जेस’ म्हणजे बहुधा मुदतीआधी कर्ज फेडल्यास लागणारे शुल्क. चार पैसे हाती आले म्हणून कर्ज लवकर फेडू पाहणारी बाई हा शब्द शोधून घाबरली, तर दोष तिचा नाही.

कॅमेरा धरून अख्ख्या पानाचे भाषांतर करणारी ॲप संदर्भ थोडा बरा पकडतात. मात्र त्यातली अनेक इंटरनेटवर अवलंबून असतात, आणि कर्जाच्या कागदावर खातेक्रमांक, पॅन, पत्ता सगळेच असते. असा कागद अनोळखी ॲपला दाखवणे शहाणपणाचे नाही.

म्हसवडचा अनुभव वेगळा का?

कागदावरची भाषा आणि पैशाची समज या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे म्हसवडने फार आधी दाखवले. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक इथे १९९७ मध्ये सुरू झाली. तिचा परवान्यासाठीचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला होता, कारण प्रवर्तक महिलांपैकी अनेकींना लिहितावाचता येत नव्हते. महिलांनी अक्षरओळखीचे वर्ग केले आणि काही महिन्यांनी त्या पुन्हा गेल्या. कोणत्याही मुद्दलावरचे व्याज विचारा, आम्ही तोंडी काढून दाखवतो, तुमचे अधिकारी कॅल्क्युलेटरशिवाय काढतात का पाहू, असे त्यांनी सुनावल्याचे सिन्हा सांगतात. परवाना मिळाला.

व्याज गावाकडे ‘शेकडा दोन’ असे मोजले जाते, म्हणजे शंभराला महिन्याला दोन रुपये. वर्षाला २४ टक्के. बँकेच्या कागदावर मात्र ‘एपीआर’ असते. कोश त्याचे ‘वार्षिक टक्केवारी दर’ करून देईल, पण पूल बांधणार नाही. समजा, ५०,००० रुपये वर्षभरासाठी १८ टक्क्यांनी घेतले, १,५०० रुपये शुल्क आधीच कापले आणि वर्षअखेर ५९,००० रुपये एकरकमी फेडायचे. हाती ४८,५०० आले, म्हणून खरा दर सुमारे २१.६५ टक्के. ‘एपीआर’ सांगतो तो हा, म्हणजे महिन्याला शेकडा सुमारे एक रुपया ऐंशी पैसे. सावकाराच्या दोन रुपयांशी तुलना आता कुठे करता येते.

चांगले कोश आहेत, मग हाताशी का नाहीत?

मराठी द्विभाषिक कोशांची परंपरा जुनी आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला, दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. मोल्सवर्थने सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश कँडीने पूर्ण केला, तो १८४७ चा. सातारा जिल्ह्यातच, फलटणच्या बोलीवर संशोधन केलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी-इंग्रजी कोश केला. मोल्सवर्थ आणि बर्नसन हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतात. पण दोन्ही मराठीकडून इंग्रजीकडे जाणारे. इंग्रजी कागद घेऊन बसलेल्याला उलटी वाट हवी असते.

ती वाट राज्याच्या भाषा संचालनालयाने बरीच तयार करून ठेवली आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या या कार्यालयाचे अर्थशास्त्र, वाणिज्यशास्त्र अशा विषयांचे परिभाषा कोश आहेत आणि ते शासनाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. विषय आधीच ठरलेला असल्याने तिथे ‘इंटरेस्ट’ आवड होऊन बसत नाही. मात्र काही पर्याय सरकारी वळणाचे आहेत. सातबाऱ्यावर ‘बोजा’ म्हटले की माणमधल्या शेतकऱ्याला लगेच कळते. ‘एन्कम्ब्रन्स’ला ‘भार’ म्हटले की कळेलच असे नाही. उचल, हातउसने, जामीन, नजरगहाण हे शब्द लोकांच्या तोंडात आहेत. कोशाच्या नोंदीत ते शेजारी लिहिले, तर अर्धे काम होईल.

तोवर कर्जदाराने काय करावे?

शब्द शोधताना एकटा न टाकता सोबत ‘लोन’ किंवा ‘बँक’ जोडून शोधावा आणि अर्थांची यादी शेवटपर्यंत पाहावी. त्याआधी शाखेत मराठी प्रत मागावी. ती न देता समजल्याच्या पोचीवर सही मागितली, तर सही थांबवता येते. तीन दिवस त्यासाठीच आहेत.