धरण भक्कम, पण डोंगर?

३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सिक्कीममध्ये तीस्ता नदीस जो प्रलयंकारी पूर आला त्यास ‘ढगफुटी’ म्हणून अनेकांनी प्रथम आपले समाधान करून घेतले. वस्तुस्थिती निराळी होती. सुमारे ५,२०० मीटर उंचीवरील दक्षिण ल्होनाक सरोवराच्या काठाचा, गोठलेल्या दगडमातीचा प्रचंड उतार पाण्यात कोसळला. त्या आघाताने उसळलेल्या लाटेने हिमनदीने रचलेला सरोवराचा बांध फोडला आणि खाली चुंगथांग येथील ६० मीटर उंचीचे तीस्ता-३ प्रकल्पाचे धरण वाहून गेले. हे सरोवर फुटण्याचा धोका शास्त्रज्ञांनी २०१३ मध्येच वर्तविला होता!

पावसाचा पूर तासातासाने चढतो. कोसळलेल्या कड्याची लाट मिनिटांत येऊन थडकते. पहिल्याचा हिशेब मांडून बांधलेले सांडवे दुसरीपुढे निरुपयोगी ठरतात. ९ ऑक्टोबर १९६३ रोजी इटलीतील वायोंत जलाशयात सुमारे २७ कोटी घनमीटर डोंगर घसरला. धरण उभेच राहिले. परंतु त्यावरून झेपावलेल्या पाण्याने लोंगारोने गाव धुऊन नेले आणि सुमारे दोन हजार माणसे प्राणास मुकली. डोंगर सरकत असल्याच्या खुणा तीन वर्षे आधीपासून दिसत होत्या. धरणाची भिंत भक्कम असणे आणि खालची वस्ती सुरक्षित असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हाच त्या दुर्घटनेचा धडा होय.

हिमालयात या संकटास भूकंपाची जोड आहे. १८ सप्टेंबर २०११ च्या ६.९ तीव्रतेच्या भूकंपाने सिक्कीममध्ये ठिकठिकाणी दरडी कोसळविल्या. असाच हादरा एखाद्या भरल्या सरोवराच्या काठास बसला तर काय होईल, हे सांगण्यास ज्योतिषाची गरज नाही.

असे असता वाहून गेलेले धरण त्याच जागी अधिक उंच बांधण्यास केंद्राच्या तज्ज्ञ समितीने २०२५ मध्ये अनुकूलता दर्शविली. देशाला वीज हवी, याविषयी दुमत नाही. परंतु सरोवराकाठच्या उतारांची कसून पाहणी, त्यांवर अखंड नजर आणि रात्रीच्या झोपेतूनही माणसांना उठवील अशी इशाऱ्याची व्यवस्था, या गोष्टी बांधकामाच्या आधी व्हावयास हव्यात, नंतर नव्हेत. १९६७ चा कोयनेचा भूकंप सोसलेल्या महाराष्ट्राने तरी हा प्रश्न दूरच्या डोंगराचा मानू नये. निसर्गाने पूर्वसूचना दिली होती. ती ऐकण्याचे उत्तरदायित्व कोणाचे, हे शासनाने आता निःसंदिग्ध शब्दांत सांगावे.