फरसाणाचं पाकीट आणि वाळवी



चातुर्मास लागला की आपल्या घरात पालेभाजी बंद होते, पाणी गाळण्याचं फडकं दोनदा तपासलं जातं. फरसाणाचं पाकीट मात्र ‘कांदा-लसूण नाही ना’ एवढं बघून डब्यात जातं. माझं म्हणणं, त्यावरचा ‘पामतेल’ किंवा ‘पामोलिन’ हा शब्दही तितक्याच काळजीनं वाचावा. आणि हे मी वाळवीसाठी म्हणते आहे.

हसू नका. वाळवी म्हटलं की आपल्याला दाराची चौकट आठवते. पण जगात वाळवीच्या सुमारे ३००० जाती आहेत आणि घर पोखरणाऱ्या त्यातल्या थोड्याच. पर्जन्यवनात कोणी लाकूड खाते, कोणी पाचोळा, कोणी नुसती माती. कॅमेरूनच्या जंगलात माती खाणाऱ्या भरपूर, बोर्निओत त्या मानानं कमी. आफ्रिका-आशियात काही जाती वारुळात बुरशीची शेती करतात, ॲमेझॉनमध्ये ती नाहीच. बोर्निओतली एक काळपट वाळवी तर रांगा करून झाडावर चढते आणि मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातकुळीतलं काहीबाही खोडावरून खरवडून आणते!

सुमात्रातल्या जांबी भागाचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. मूळ जंगलात वाळवीच्या ३४ जाती. जंगल तोडून केलेल्या कसाव्याच्या (ज्याच्या कंदाचा साबुदाणा होतो) शेतात फक्त १. सावली गेली, माती तापली की माती खाणाऱ्या आधी संपतात. तेलताडाच्या मळ्यांतही जाती अशाच घटतात, आणि आपल्याकडचं बहुतेक पामतेल इंडोनेशिया-मलेशियातूनच येतं.

वाळवी गेली तर बिघडलं काय? बोर्निओत २०१५-१६च्या दुष्काळात जिथे वाळवी होती तिथली माती जास्त ओलसर राहिली, रोपंही जास्त जगली. (हे कळावं म्हणून शेजारच्या तुकड्यांतली वाळवी मारली होती. वाचताना जीव कळवळला.)

आपल्या शास्त्रात वाळवी त्रींद्रिय जीव. स्पर्श, रस, गंध एवढंच तिचं जग. श्रवणबेळगोळच्या बाहुबलींच्या पायांशी वारुळं कोरली आहेत, ती आपण हात जोडून बघतो.

आमच्या जाऊबाई म्हणाल्या, “अगं, तिकडे सुमात्रात कोणी जंगल तोडलं, त्याचं पाप आपल्याला कसं?” पण कृत, कारित, अनुमोदित हे तिन्ही आपणच प्रतिक्रमणात म्हणतो ना? पाकीट विकत घेणं यातल्या कशात बसतं, ते ज्यानं त्यानं ठरवावं. मला ते अनुमोदनाच्या फार जवळचं वाटतं. भुईमुगाच्या शेतातही हिंसा आहेच, ते मी नाकारत नाही. पण त्यासाठी ३४ जातींचं पर्जन्यवन तोडावं लागत नाही.

यंदा पर्युषणाआधी शेव-चिवडा घरीच, शेंगतेलात. महाग पडेल. मग डबा जरा लहान घेऊ.