सत्कार पुरे, वर्गणी काढा

धाराशिव शहरानं आपल्या खो-खो खेळणाऱ्या मुलींना फुकट वापरलं आहे. हे वाक्य मी पूर्ण विचार करून लिहितो आहे आणि ज्यांना ते झोंबेल त्यांना झोंबलंच पाहिजे. पोरगी सुवर्णपदक घेऊन आली की बसस्टँडपासून हलगी लावायची, चौकात फ्लेक्स उभा करायचा, त्यावर तिचा फोटो तळहाताएवढा आणि आपले फोटो पुरुषभर उंचीचे छापायचे, शाल-श्रीफळ देऊन भाषण ठोकायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती मैदानावर जाते तेव्हा तिच्या बुटाचा तळ सुटलेला असतो, आणि तो बघायला भाषण करणाऱ्यांपैकी एकही माणूस तिथं नसतो.

सारिका काळे हे नाव निघालं की आम्हा सगळ्यांची छाती फुगते. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत ती भारतीय महिला संघाची कर्णधार होती आणि सुवर्ण जिंकून आली. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोपटूला हा मान मिळायला मध्ये २२ वर्षं गेली होती. पुरस्कार जाहीर झाल्यावर तिनं पत्रकारांना जे सांगितलं ते मात्र आम्ही सोयीनं विसरलो. जवळजवळ दहा वर्षं दिवसातून एकदाच जेवण मिळायचं, असं ती म्हणाली. आई शिवणकाम करून घर ओढत होती. २०१६ मध्ये हातात पैसा नाही म्हणून खेळ सोडायचा निर्णय घेऊन ती आठवडाभर खोलीबाहेर आली नाही. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत काढली म्हणून ती मैदानावर परतली. भारताची कर्णधार उपाशीपोटी सराव करत होती आणि तिचं गाव मिरवणुकीची तारीख ठरवत होतं. एका प्रशिक्षकाच्या चिकाटीवर टिकलेल्या यशाला शहराचं यश म्हणायचा आम्हाला काय अधिकार आहे?

अधिकार कसा कमवायचा असतो ते एइबारकडून शिकावं. स्पेनच्या बास्क मुलखात डोंगराच्या घळीत हे गाव आहे. वस्ती २७ हजारांच्या आसपास, म्हणजे धाराशिव शहराच्या पाव हिस्सा. बंदुका आणि शिलाई मशीन बनवणाऱ्या कारागिरांचं गाव. १९४० साली तिथं फुटबॉल क्लब निघाला आणि पुढची सत्तर-पंच्याहत्तर वर्षं खालच्या श्रेण्यांत खेळत राहिला. २०१४ मध्ये तो पहिल्यांदाच स्पेनच्या सर्वोच्च श्रेणीत, ला लीगामध्ये पोहोचला. मैदानावर जिंकलेल्या या क्लबपुढे मग कायदा आडवा आला. १९९० च्या क्रीडा कायद्यानं स्पेनमधल्या बहुतेक व्यावसायिक क्लबांना कंपनी होणं भाग पाडलं होतं आणि त्या कंपन्यांचं भांडवल ठरावीक प्रमाणात असलंच पाहिजे, अशी अट होती. एइबारच्या डोक्यावर कर्ज नव्हतं, जमाखर्च चोख होता, तरी भांडवल जवळपास १७ लाख युरोंनी कमी पडत होतं. ते उभं राहिलं नाही तर वरची जागा जाणार होती.

क्लबनं एखादा धनाढ्य मालक शोधला असता तर प्रश्न एका दिवसात सुटला असता. त्यांनी समभाग सामान्य माणसांसाठी खुले केले आणि एका माणसानं एक लाख युरोंपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, अशी मर्यादा घातली, कारण उद्या कोणी एकानं क्लब खिशात घालू नये. गावातले लोक, बाहेरगावचे लोक, कितीतरी देशांतले फुटबॉलवेडे पुढे आले आणि रक्कम उभी राहिली. एइबार सात हंगाम ला लीगामध्ये खेळला. त्यातल्या पहिल्याच हंगामाच्या शेवटी गुणतक्त्यात तो खाली घसरला होता, पण एल्चे नावाच्या क्लबनं कर थकवला होता म्हणून त्याला खालच्या श्रेणीत टाकलं गेलं आणि हिशेब स्वच्छ ठेवणारा एइबार वर राहिला. ही सगळी कथा मला वर्गणीदार आणि खतावणीची कथा वाटते. गोल कोणी मारले ते तिथं दुय्यम आहे.

आमच्याकडे फुटबॉलची आवड असलेल्या पोरांना बार्सिलोना आणि रिअल माद्रिद पाठ असतात. त्या दोघांची मालकी कोणाकडे आहे, हे मात्र विचारून बघा. १९९० च्या कायद्यातून ज्या चार क्लबांना सूट मिळाली, त्यांत हे दोन आहेत. बाकीचे दोन म्हणजे बिल्बावचा अ‍ॅथलेटिक आणि ओसासुना. चारही आजतागायत सभासदांचे आहेत. बार्सिलोनाचे सभासद लाखाच्या वर आहेत आणि अध्यक्ष ते मतदानानं निवडतात. सभासदांची मालकी असली की सगळं आपोआप ठीक होतं, असं मी म्हणणार नाही. त्याच बार्सिलोनानं एक अब्ज युरोंहून जास्त कर्ज करून ठेवलं आणि २०२१ मध्ये मेस्सीला रडत क्लब सोडावा लागला. पण तिथं अध्यक्षाला जाब विचारायला सभासद असतात. धाराशिवच्या खो-खोबद्दल जाब विचारायचा तर कोणी कोणाला विचारायचा?

इतक्या लांब जायचं नसेल तर कोल्हापूरला जा. तिथला फुटबॉल पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम अशा तालमींनी पेठेपेठेत रुजवला आहे. शाहू स्टेडियमवर सामना असला की अख्खी पेठ तिथं असते, कारण संघ त्यांचा आहे. तालीम घरची, खेळाडू घरचा, हरल्यावर लागणारा चटकाही घरचा. मराठी माणसाला हे जमत नाही, अशी सबब त्यामुळे चालणार नाही.

खो-खोच्या बाजारातही आमच्या मुलींची तीच उपेक्षा झाली. २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत अल्टिमेट खो-खो लीग मोठ्या झगमगाटात सुरू झाली. सहा संघ, उद्योगसमूह मालक, दूरदर्शन संचांवर थेट प्रक्षेपण. ओडिशा सरकारनं स्वतःचा संघ घेतला आणि पहिलं विजेतेपदही पटकावलं. ज्या महाराष्ट्रात या खेळाचे नियम लिहिले गेले, त्या महाराष्ट्राच्या सरकारला असा संघ घ्यावासा वाटला नाही. आणि पहिल्या दोन्ही हंगामांत ही लीग फक्त पुरुषांची होती. देशाची कर्णधार देणाऱ्या जिल्ह्यातल्या पोरींनी ती घरी बसून पाहिली. स्पेनमध्येही हा अन्याय झाला आहे. रिअल माद्रिदसारख्या क्लबनं स्वतःचा महिला संघ थेट २०२० मध्ये उभा केला. पण ३० मार्च २०२२ रोजी बार्सिलोनाच्या आणि माद्रिदच्या बायकांचा सामना बघायला कॅम्प नोऊ मैदानावर ९१ हजार ५५३ माणसं आली. मुलींचा खेळ कोण बघतो, असं विचारणाऱ्या आयोजकांच्या तोंडावर हा आकडा मारायला हवा.

खो-खो किती अवघड आहे, हे या आयोजकांनी एकदा मैदानाच्या कडेला उभं राहून बघावं. फक्कीनं आखलेल्या रेषा, दोन टोकांना दोन लाकडी खांब, मध्ये आठ मुली आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंडं करून बसलेल्या. पळणारी खांबाच्या आडोशानं हुलकावणी देते. पाठलाग करणारी पूर्ण वेगात खांबावर झेपावते, एका हातानं खांबाला विळखा घालते, अंग जमिनीला समांतर होतं आणि दुसऱ्या हाताची बोटं पळणारीच्या टाचेला लागतात. पंचाची शिट्टी वाजते. उठून उभी राहिलेल्या पोरीच्या कोपराची सालटं निघालेली असतात, ती त्यावर माती चोळते आणि पुढच्या पळणारीमागे लागते. आता मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. मातीवर पाय किंचित घसरतो आणि त्या घसरण्यावर वळण बेतलेलं असतं. मॅटवर पाय जागच्या जागी रोवला जातो आणि वळताना गुडघा पिरगळतो. मॅटवर जिंकायचं तर महिनोन् महिने मॅटवरच घाम गाळावा लागतो. दिल्लीत जानेवारी २०२५ मध्ये पहिला खो-खो विश्वचषक झाला, अंतिम सामन्यात भारतीय मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. तिच्यामागून येणाऱ्या पोरींना रोज मॅट, बूट आणि पोटभर खुराक मिळतो का, हे विचारायला कोणता सत्कार समारंभ थांबला?

पैसा नाही, हे उत्तर मला तोंडपाठ आहे. जिल्हा दुष्काळी आहे, नीती आयोगाच्या यादीत मागास म्हणून नोंदलेला आहे, सोयाबीनला भाव नाही. सगळं खरं आहे. पण एका मंडळाच्या कार्यकर्त्यांकडे मी मुलींच्या प्रवासखर्चासाठी शब्द टाकला तेव्हा ‘यंदा बजेट बसत नाही, काका’ असं सांगणाऱ्यांनी त्याच आठवड्यात डीजेच्या भिंतीला हजारोंचा ॲडव्हान्स दिला. याच शहरानं जानेवारी २०२० मध्ये ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवून दाखवलं. मनावर घेतलं की इथं माणसंही उभी राहतात आणि पैसाही. मुलींच्या खेळाचं कोणी मनावर घेतलेलं नाही, एवढंच कारण आहे. बापाची दोन एकर कोरडवाहू, भाऊ शिकायला पुण्यात, आणि पोरगी सतरा वर्षांची झाली की घरात स्थळांची चर्चा सुरू होते. तिच्या हातात शिष्यवृत्तीचा दरमहा ठरलेला पैसा असेल तर त्या चर्चेत तिला बोलता येतं. नसेल तर तिचा खेळ तिथंच संपतो आणि आपल्याला एक सारिका कमी मिळते.

म्हणून सभासदांचा क्लब काढा. शहराच्या एक लाखावर लोकवस्तीतून चार हजार सभासद मिळणं अशक्य नाही. दरमहा ५० रुपये वर्गणी धरली तरी महिन्याला दोन लाख आणि वर्षाला चोवीस लाख होतात. त्यातून मुलींचा खुराक, बूट, प्रवास, दुखापतीचे उपचार आणि सरावाचा मॅट भागू शकतो. घटना लिहा आणि त्यात एइबारची अट घाला: कोणाही एका माणसाला ठरावीक रकमेपेक्षा जास्त देता येणार नाही आणि देणगीच्या बदल्यात पद मिळणार नाही. आमदार, खासदार, कारखान्याचे अध्यक्ष यांनी सभासद व्हावं, सर्वांसारखे ५० रुपये भरावेत, मतही सर्वांसारखं एकच द्यावं. कार्यकारिणीत निम्म्या बायका हव्यात आणि त्यांत माजी खेळाडू हव्यात, कारण उपाशीपोटी सराव म्हणजे काय हे त्यांना माहीत आहे. क्लबची नोंदवही ठेवा: कोण कोणत्या साली राज्य संघात गेली, कोण राष्ट्रीय स्पर्धा खेळली, कोणाला कुठं नोकरी लागली. आज हा सगळा इतिहास खेळाडूंच्या घरी पत्र्याच्या पेट्यांत, पिवळ्या पडलेल्या कात्रणांत पडून आहे.

माझे वर्षाचे सहाशे रुपये मी पहिल्या दिवशी रोख भरीन. पावती मागीन, आणि मार्चअखेर जमाखर्च जिल्हा क्रीडा संकुलाच्या फाटकावर लागला नाही तर पहिला प्रश्नही मीच विचारीन. ज्यांनी आजवर फ्लेक्सवर फोटो छापून घेतले, त्यांची नावं सभासदांच्या यादीत कितव्या क्रमांकावर येतात, तेही मी बघणार आहे.