मासे उपाशी नाहीत हो!

आमच्या रत्नागिरीच्या घरात चार वर्षांपासून खाऱ्या पाण्याची, शंभर लिटरची काचेची टाकी आहे. हौस लेकाची, पैसे ह्यांचे आणि बादल्या माझ्या! लेक शिकायला पुण्याला गेला, टाकी राहिली.

गेल्या पावसाळ्यात काचेवर तपकिरी-हिरवा थर धरायला लागला. आज पुसावा, परवा पुन्हा हजर. किटने पाणी तपासलं तर नायट्रेट लिटरमागे 40 मिलिग्रॅम. लेकाने फोनवरून कसल्याशा औषधाचं नाव सांगितलं. मी मात्र आधी घरातल्या माणसांवर पाळत ठेवली.

सकाळी पूजा आटोपली की सासूबाई चिमूटभर खाणं टाकायच्या. दुपारी मी. संध्याकाळी हे, "बघ कसे वर येतात बिचारे," म्हणत आणखी थोडं. शेजारची चिमुरडी आली की तिचाही मान! आलेल्याला उपाशी न पाठवणारं आपलं घर, पण माशाचं पोट ते केवढं? उरलेलं खाणं नि माशांची घाण कुजून अमोनिया होतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. अमोनियाने मासा पटकन मरतो, नायट्रेटने तसा मरत नाही. म्हणून तर आपण गाफील राहतो आणि ते साचत जातं. पाणी आटलं तरी ते टाकीतच राहतं.

त्यावर उपाय बादलीचाच. पाव टाकी, म्हणजे 25 लिटर पाणी काढून स्वच्छ खारं पाणी घातलं की 40 चे 30 होतात, पुढच्या खेपेला साडेबावीस. सगळं पाणी एकदम बदललं तर माशांना सोसत नाही. स्पंजही त्या काढलेल्या पाण्यातच पिळायचा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने कामाचे जिवाणू मरतात.

"दारात समुद्र असताना मीठ विकत कशाला?" नणंदबाई विचारतात. अहो, पावसात काजळी नदीचं गढूळ पाणी भाट्याला समुद्रात उतरतं, खारटपणा कुठला राहायला? मी आरओच्या पाण्यात टाकीसाठी मिळणारं मीठ कालवते, लिटरला साधारण 35 ग्रॅम. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. विहिरीचं पाणीही नको, खताचं नि शोषखड्ड्याचं नायट्रेट त्यात असू शकतं. घरात तान्हं बाळ असेल तर विहिरीचं पाणी जरूर तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात 45 मिलिग्रॅमपर्यंतच चालतं, आणि उकळून ते कमी होत नाही.

लेकाला टाकीत जिवंत पोवळी हवी होती. मी साफ नाही म्हटलं. जास्त नायट्रेटने पोवळ्याच्या अंगातलं शेवाळ माजतं नि ते काळपट तपकिरी पडतं, हे एक. दुसरं म्हणजे खडक घडवणारी पोवळी आणि समुद्रपंखे 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत! दुकानदार काही का सांगेना. समुद्रातले जीव बघायचेत तर झाडगावच्या संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहेच की.

आता माझा नियम एकच. जो खाऊ घालेल तो बादली उचलेल. दिवसाचं खाणं सकाळीच एका डबीत काढून ठेवते, संपलं की संपलं. हे रविवारी मुकाट्याने पाणी बदलतात. नायट्रेट 10 वर आलंय.

परवा दुपारी बघते तर डबी रिकामी. सासूबाईंकडे पाहिलं. त्या डोळे मिटून जपमाळ ओढत होत्या.