परभणीचें बंदर कोठें?

बंदर म्हणतांच लाटा, शिडें व धक्के डोळ्यांपुढें उभे राहतात. आणि समुद्रापासून लोहमार्गानें सुमारें साडेपांचशें किलोमीटर दूर असलेल्या परभणीच्या विद्यार्थ्यांस या विषयाशीं काय कर्तव्य, असा प्रश्न सहज उद्भवतो. परंतु परदेशीं जाणाऱ्या आमच्या कापसाचा प्रवास मानवत-सेलूच्या बाजारांतच सुरू होतो, आणि आमच्या शेतांत पडणारें पोटॅश बहुतांशीं जहाजांतूनच येतें. जातांना व येतांना जो वाहतुकीचा खर्च वाढतो, त्याचा भार शेवटीं शेतकऱ्याच्याच माथीं बसतो.

हा खर्च केवळ अंतरानें वाढत नाहीं. तो सांध्यांवर वाढतो. हा धडा मराठवाड्यानें जवळजवळ शतकभर गिरविला आहे. निजामाच्या राज्यांत इ. स. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग झाला, तो मीटर रुंदीचा. मुंबईकडील मार्ग मात्र त्याहून रुंद. त्यामुळें मनमाडास माल एका वाघिणींतून उतरवून दुसरींत चढवावा लागे. वेळ जाई, मजुरी पडे, नासधूस होई. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत आमचा मार्ग रुंद झाला, तेव्हां कोठें हा अडथळा दूर झाला.

जगानें याच दुखण्यावर जो उपाय काढला, तो म्हणजे कंटेनर. इ. स. १९५६ मध्यें अमेरिकेंत मॅल्कम मॅक्लीन यांनीं ५८ पेट्या जहाजावर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठविल्या. ट्रकवरील पेटी तशीच आगगाडीवर व तशीच जहाजावर चढते. आंतील मालास हात लागत नाहीं. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्यें सुरू झालें, तें याच पद्धतीवर वाढलें. डहाणूजवळ वाढवण येथें २० मीटर खोलीच्या नव्या बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्यें झाली.

पण समुद्रकांठीं बंदर कितीही मोठें झालें, तरी पेटी जर तेथेंच भरावयाची, तर आमचा लाभ अर्धाच. माल जेथें पिकतो, तेथेंच तो तपासून, सीमाशुल्काची मोहोर लावून पेटींत बंद झाला पाहिजे. याच हेतूनें जालना येथें शुष्क बंदराची पायाभरणी डिसेंबर २०१५ मध्यें झाली. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्यें पूर्ण झाला, आणि त्याच वर्षीं छत्रपति संभाजीनगर-परभणी या १७७ किलोमीटर मार्गाच्या दुहेरीकरणास केंद्र सरकारनें मंजुरी दिली.

कित्येक म्हणतील, जालन्यास कां, परभणींतच शुष्क बंदर कां नको? स्वजिल्ह्याचा अभिमान आम्हांसही आहे. तथापि एका मालगाडीवर वीस फुटी सुमारें ९० पेट्या जातात. एकट्या जिल्ह्यानें ती रोज भरणें कठीण. आणि गाडी भरण्याची वाट पाहत पडलेला माल म्हणजे पुनः मनमाडचाच सांधा! जालना येथून ११५ किलोमीटरांवर आहे. आमच्या मतें परभणीनें दुसरें शुष्क बंदर मागण्यापेक्षां एक उत्तम संकलन-केंद्र मागावें: वजनकांटा, गोदाम, शीतगृह, प्रतवारीची सोय, आणि जालन्यास ठरलेल्या वेळीं निघणारी मालगाडी. रिकाम्या पेट्या वेळेवर न आल्या, तर त्यांचें भाडेंही कापसावरच चढेल. म्हणून खत व यंत्रें घेऊन येणाऱ्या पेट्या येथें रित्या होऊन येथेंच भरल्या जाव्यात, अशी योजना हवी.

हें काम केवळ सरकारचें नव्हे. कापसाची प्रत ओळखणारे, मालाचीं कागदपत्रें बिनचूक तयार करणारे व यंत्रें चालविणारे तरुण नसतील, तर केंद्र बांधूनही तें ओस पडेल, अथवा बाहेरचे लोक येऊन चालवितील. विद्यार्थीमित्रांनो, भूगोलाच्या पुस्तकांतील बंदरांचीं नांवें पाठ करणें ठीकच. परंतु आपल्या गांवच्या मोंढ्यापासून न्हावा-शेव्यापर्यंत मालाचे थांबे किती व प्रत्येक थांब्यास किती दिवस जातात, याचा हिशोब एकवार मांडून पाहा. परभणीचें बंदर कोठें असावें, याचें उत्तर त्या हिशोबांतच सांपडेल.