विश्लेषण : घोणस चावल्यावर रक्त गोठणे का थांबते?

मावळात भातलावणी सुरू झाली, की बांधावर आणि खाचरांत सर्पदंशाचा धोका वाढतो. यातल्या घोणशीचे विष रक्त गोठण्याच्या यंत्रणेवरच हल्ला करते. हे कसे घडते आणि उपचाराला उशीर का करू नये, याविषयी…

रक्त गोठते कसे?
जखम झाली की रक्तवाहिनीबाहेरील पेशींवरच्या ‘टिश्यू फॅक्टर’ या रिसेप्टरला रक्तातला सातवा घटक चिकटतो. त्यातून दहावा घटक सक्रिय होतो. तो पाचव्याच्या मदतीने थ्रॉम्बिन तयार करतो आणि थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनपासून धाग्यांची जाळी बनवते. हीच गुठळी.

गुठळी जखमेपुरतीच का राहते?
रक्तवाहिनीच्या अस्तरातील पेशींवर थ्रॉम्बोमॉड्युलिन हा रिसेप्टर असतो. त्याला चिकटताच थ्रॉम्बिनचे काम उलटते. ते ‘प्रोटीन सी’ सक्रिय करते आणि हे प्रथिन पाचवा व आठवा घटक निष्प्रभ करते. थोडक्यात, गोठण्याचा ब्रेक रक्तवाहिनीच्या भिंतीतच असतो.

विषामुळे काय बिघडते?
घोणशीच्या विषातील प्रथिने दहावा आणि पाचवा घटक थेट सक्रिय करतात. त्यासाठी जखमेची गरज उरत नाही. शरीरभर थ्रॉम्बिन तयार होते, त्यापुढे ब्रेक अपुरा पडतो आणि फायब्रिनोजेन संपते. म्हणजे आधी नको तिथे गोठल्यामुळेच रक्त नंतर गोठत नाही. हिरड्यांतून, लघवीतून रक्तस्राव होऊ शकतो. मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

निदान कसे होते?
स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत ताजे रक्त २० मिनिटे न हलवता ठेवतात. नळी तिरकी केल्यावर रक्त वाहिले, तर गोठण्याची यंत्रणा कोलमडली असे समजतात. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही.

उशीर का महागात पडतो?
सर्पविषरोधक लस विष निष्प्रभ करते, पण संपलेले घटक परत देत नाही. ते यकृताला नव्याने तयार करावे लागतात आणि त्याला काही तास लागतात. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावरील दूरच्या वस्त्यांसाठी म्हणूनच प्रत्येक तास मोलाचा. जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. चावलेला भाग स्थिर ठेवून रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे.

सरकारी धोरण काय?
केंद्राने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाविषयी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. ते गाठायचे तर लस आणि ती काचेची नळी गावाजवळच्या आरोग्य केंद्रात असायला हवी.