चालू यंत्रणेला हात लावू नये?

सरकारी कचेरीत एक अलिखित नियम निष्ठेने पाळला जातो: जे चालू आहे, त्याला हात लावू नये. नोकरीनिमित्त निरनिराळ्या राज्यांत राहिल्यावर एवढे नक्की सांगू शकतो की, या नियमाला प्रांतभेद ठाऊक नाही. मीही तो पाळला. त्याची किंमत मात्र इतरांनी मोजली.

काही वर्षांपूर्वी पूर्व भारतातील एका विभागीय कार्यालयाचा कारभार माझ्याकडे होता. तेथील दूरध्वनी संगणकाच्या जाळ्यावरून, व्हॉइस स्विचमार्फत चालत. व्हॉइस स्विच हा जुन्या ईपीएबीएक्सचा वारस. वस्तुतः एक लहानसा संगणकच. त्याला चालवणारी मूळ आज्ञावली म्हणजे फर्मवेअर. वीज मिळताच हे यंत्र प्रथम काही जतन केलेल्या नोंदी वाचते: स्वतःचा आयपी पत्ता कोणता, गेटवे कोणता, आणि फर्मवेअर स्वतःच्या फ्लॅश मेमरीतून घ्यायचे की जाळ्यावरील एखाद्या सर्व्हरवरून. या नोंदी म्हणजेच बूट सेटिंग्ज.

फर्मवेअरची नवी आवृत्ती घालावी, असा प्रस्ताव तांत्रिक सहायकाने दोनदा सादर केला होता. 'यंत्रणा सुरळीत चालू असल्याने तूर्त आवश्यकता दिसत नाही,' असा शेरा मारून मी दोन्ही वेळा फाइल परत पाठवली. खर्च वाचवल्याचे समाधानही वाटले.

पुढे नोव्हेंबरमध्ये एका रात्री वीज दीर्घकाळ गेली आणि यूपीएसच्या बॅटऱ्या संपल्या. वीज परतली, पण दूरध्वनी परतले नाहीत. स्विच बसवताना सोयीसाठी बूट सेटिंग सर्व्हरवर ठेवले गेले होते, ते कोणी बदललेच नव्हते. आणि तो सर्व्हर आम्ही दोन वर्षांपूर्वी रीतसर निकालात काढला होता. यंत्र नसलेल्या सर्व्हरचा पत्ता शोधत राहिले. पासवर्ड कंत्राटदाराच्या ज्या अभियंत्याला ठाऊक होता, तो नोकरी सोडून गेला होता. योग्य माणूस सापडायला तीन दिवस लागले. दुरुस्तीला पंधरा मिनिटे पुरली. तो महिना हयातीच्या दाखल्यांचा. चौकशीचा दूरध्वनी लागेना म्हणून वृद्ध निवृत्तिवेतनधारक दूरवरून बस पकडून कचेरीत येत होते. त्यांच्या भाड्याचा हिशेब माझ्या बचतीत कोठेच नव्हता.

त्या वेळी फर्मवेअर बदलले असते, तर यंत्र आमच्या देखत, सुट्टीच्या दिवशी बंद करून पुन्हा सुरू झाले असते आणि ही चूक तेव्हाच उघडकीस आली असती. यंत्र कधी ना कधी बंद पडणारच. तो मुहूर्त आपण ठरवायचा की विजेने, एवढाच प्रश्न असतो.

फर्मवेअर बदलण्यात धोका नाही, असे मी म्हणत नाही. नवी आज्ञावली लिहिली जात असताना वीज गेली, तर यंत्र निकामी होऊ शकते. काही आवृत्त्यांना मधली पायरी गाळून चालत नाही. म्हणूनच क्रम महत्त्वाचा: आधी संरचनेची प्रत काढावी, बूट सेटिंग्ज कागदावर उतरवाव्यात, जुने फर्मवेअर हाताशी ठेवावे, प्रथम एकच स्विच बदलून येणारे व जाणारे फोन तपासावेत, काही दिवसांनी उरलेल्यांना हात घालावा. मूळ पासवर्ड बदलणे तर पहिल्याच दिवसाचे काम.

जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखवले की, विक्रेत्याला जे ठाऊक असते ते ग्राहकाला ठाऊक नसेल, तर व्यवहारच बिघडतो. आमच्या देखभाल कंत्राटांत ही विषमता आम्ही स्वखुशीने स्वीकारतो. यंत्र सरकारचे, त्याची किल्ली कंत्राटदाराच्या माणसाच्या डोक्यात. सामान्य वित्तीय नियम, २०१७ मध्ये देखभाल कंत्राटाची तरतूद आहे. त्या कंत्राटातच बूट सेटिंग्जची लेखी नोंद, पासवर्डचे रीतसर हस्तांतर आणि वर्षातून एकदा नियोजित पुनरारंभ या अटी घालता येतात.

सर्ट-इनने एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार सरकारी संस्थांनीही आपल्या माहिती-तंत्रज्ञान यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायचे आहेत. ज्या यंत्राचा पासवर्डच कचेरीकडे नाही, त्याचे लॉग ती जपणार कसे?

कचेरीच्या तिजोरीच्या दुसऱ्या किल्लीसाठी आपल्याकडे नोंदवही असते, मोहोरबंद लिफाफा असतो, कार्यभार सोपवताना सही असते. व्हॉइस स्विचच्या पासवर्डाला तेवढाच मान द्यावा, इतकेच माझे म्हणणे. त्या कार्यालयातून बदली झाली, तेव्हा कार्यभाराच्या यादीत मी तो लिफाफा जोडला. घेणाऱ्या अधिकाऱ्याने विचारले, 'हे काय?' त्यांना मी माझे ते दोन्ही शेरे दाखवले.